मीठ-मोहऱ्या आणि दृष्ट: मोहरीच का?

रात्रपाळी (धागाकर्ता)

मिसळणाच्या डब्यात हळद, तिखट, जिरं, हिंग, मेथ्या, धने आणि मोहरी असा सगळा परिवार नांदतो. यातल्या हळदीला देवघरातही मान आहे, पण तिचं खातं शुभकार्याचं. वाईट काही हाकलायचं असेल तर हात जातो तो मोहरीच्या वाटीकडे. कोणावरून जिरं ओवाळून टाकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मोहरीच्याच गळ्यात हे काम कसं पडलं, हा धाग्याचा विषय. दृष्ट लागते की नाही यावर मारामारी होणारच, ती मला अडवता येणार नाही. पण आधी चार पद्धतींची नोंद होऊ द्या.

आमच्याकडची, म्हणजे देशावरची पद्धत अशी: दिवेलागण झाली की पोराला उंबऱ्याच्या आत, पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवायचं. काढणारीच्या दोन्ही मुठींत खडेमीठ आणि मोहरी. हातांची कातरी करून डोक्यापासून पायापर्यंत उतरवत न्यायचं, मुठी जमिनीला टेकवायच्या, पुन्हा वर. असं तीनदा. तोंडाने "आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, वाटेवरच्या वाटसराची, कुत्र्यामांजराची..." अशी यादी. मग मागे न बघता मुठी थेट चुलीत रित्या करायच्या. मधे कोणी टोकायचं नाही. चुलीतून तडतड उठली की घरातलं कोणीतरी हमखास म्हणणार, "बघा, केवढी लागली होती!" त्यानंतर काढणारीने हातपाय धुवायचे.

माझा अंदाज असा की मोहरीची नेमणूक या तडतडीमुळे झाली. ओवाळून टाकलेला भाकरतुकडा गुपचूप कुत्रं खाऊन जातं. मोहरी मात्र उत्तर देते. तुम्ही विचारलं, "लागली होती का?" आणि विस्तवातून लगेच "हो" आलं. असा हजरजबाबी जिन्नस डब्यात दुसरा नाही.

तुमच्याकडे कसं करतात ते लिहा. मोहरीचे दुसरे तोडगे माहीत असतील तर तेही.

---

गवतीचहा

छान विषय. आमच्याकडे पोळ्याला बैल मिरवून आले की दारातच त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरायचे. नवरानवरी वरातीहून आली की आधी भाकरतुकडा, मग मीठ-मोहऱ्या, आणि मगच माप ओलांडायचं. गाय व्यायल्यावर दूध कमी पडलं तर तिचीही काढत. थोडक्यात, ज्याचं कौतुक झालं त्याची दृष्ट निघते. नापास झालेल्या पोराची कोणी काढत नाही :)

---

तळकोकणी

आमच्याकडे दिष्ट म्हणतत. सामान जरा जास्त लागतं: मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या, केरसुणीचे चार हीर आणि तिठ्यावरची माती. मोठं काही असेल तर नारळ. निकालाची रीत मात्र तुमच्या उलट. तडतडीकडे कोणी लक्ष देत नाही, सगळ्यांची नाकं मिरचीकडे. "ठसको इलो नाय, म्हणजे दिष्ट होती." आणि ठसको इलो तर पोरगं नुसतं हट्ट करत होतं, दोन धपाटे.

---

पोथीनिष्ठ

रात्रपाळी, ही नेमणूक फार जुनी आहे.

चरकसंहितेत, शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात, बाळंतिणीच्या खोलीची व्यवस्था सांगितली आहे. खोलीभोवती खैर, बोर वगैरेंच्या फांद्या लावायच्या आणि सगळीकडे सर्षप (मोहरीचाच एक प्रकार), जवस आणि तांदळाच्या कण्या विखरायच्या. वेखंड, कोष्ठ, हिंग, सर्षप, जवस, लसूण यांची पुरचुंडी बांधून दाराच्या चौकटीवर टांगायची. ग्रंथकाराने या सगळ्यांना 'रक्षोघ्न', म्हणजे राक्षसांना मारणारी द्रव्यं, असं एकगठ्ठा नाव दिलं आहे. आपल्याकडे अजून बाळंतिणीच्या उशाशी वेखंड आणि उशीखाली कोयता असतो, दारात धुरी असते, पाचवीला जागरण असतं. त्या खोलीचा नकाशा फारसा बदललेला नाही.

सुश्रुताचा उल्लेख तर थेट तुमच्या मुठीतला आहे. सूत्रस्थान, अध्याय एकोणीस, जखमी रुग्णाची शुश्रूषा. तिथे सर्षप, कडुनिंबाची पानं, तूप आणि मीठ यांचा धूप दिवसातून दोनदा, दहा दिवस, न कंटाळता द्यायला सांगितला आहे. मीठ आणि मोहरी ही जोडी विस्तवावर एकत्र पडते ती इथे. किमान दीड हजार वर्षं धरून चाला. जुन्या मराठी कवितेत लाडक्यावरून निंबलोण उतरतात, म्हणजे कडुनिंबाचा पाला आणि मीठ. तो याच नुस्ख्याचा दुसरा अर्धा भाग.

एक बारीक दुरुस्ती. वैद्यकात सर्षप आणि राजिका ही दोन वेगळी द्रव्यं आहेत. आपल्या फोडणीतली काळपट, तिखट मोहरी राजिकेच्या घरची. धार्मिक कामाला लागतो तो गौरसर्षप, पिवळसर पांढरा. वास्तुशांतीला गुरुजी "पिवळी मोहरी आणा" म्हणतात ती ही. "अपसर्पन्तु ते भूता" म्हणत ती दाही दिशांना उडवतात आणि मग पुढचा आठवडाभर घरातल्यांच्या पायाखाली येते.

---

रात्रपाळी

@पोथीनिष्ठ, दंडवत. मीठ-मोहरीची जोडी एवढी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

यावरून @तळकोकणी यांच्या मिरचीबद्दल सुचलं. मिरची मूळची अमेरिकेतली. ती इथे आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. म्हणजे दृष्टीच्या मुठीत मिरची ही अगदी अलीकडची भरती, आणि दारावरचं लिंबू-मिरचीही ज्या रूपात आपण बघतो ते त्यानंतरचंच. मिरची आली, मोहरीच्या शेजारी बसली आणि काही पिढ्यांत अशी मुरली की आता "पूर्वापार" म्हणून तिच्याच ठसक्यावर निकाल लागतो! परंपरा म्हणजे शिळा असं समजणाऱ्यांनी याचा विचार करावा. नवा जिन्नस धूर करणारा निघाला म्हणूनच त्याला जागा मिळाली, टोमॅटोला नाही मिळाली.

---

टवाळखोर

टोमॅटो ओवाळून टाकायची प्रथा आहे की. नाटक पडलं की टाकतात.

---

शंकासुर

वाट बघत असाल, आलोच.

तडतडीचं आधी. मोहरीच्या दाण्याला टणक साल असतं आणि आत थोडा ओलावा. दाणा तापला की वाफ कोंडते आणि साल फुटतं. फोडणीत रोज तेच होतं, तेव्हा कढईची दृष्ट निघत नसते. आता मिठाचं. मिठागरातल्या खड्यांत खाऱ्या पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब अडकून राहिलेले असतात. खडा एकदम तापला की तेही वाफ होऊन खडा फोडतात. बारीक दळलेल्या पाकिटातल्या मिठात हा प्रकार फार कमी. म्हणून दृष्टीला "खडेमीठच हवं". जुन्या बायकांना कारण माहीत नसेल, पण कुठलं मीठ वाजतं हे नक्की माहीत होतं.

मिरचीचा ठसकाही तसाच. ज्वाळेत पडली तर तिखट द्रव्य जळून जातं, नुसत्या तव्यावर करपली तर धुराबरोबर हवेत पसरतं आणि सगळं घर खोकतं. म्हणजे निकाल दृष्टीवर नाही, चूल कशी पेटली आहे यावर. पेटती चूल: दृष्ट होती. विझत आलेला विस्तव: नव्हती. पडताळून बघायचं तर सोपं आहे. एकाच बरणीतल्या दोन मुठी घ्या, एक ओवाळलेली, एक न ओवाळलेली. तव्यावर कोणती कोणाची हे न सांगता टाका आणि घरातल्या सर्वांत अनुभवी बाईला ओळखायला सांगा.

आणि कृपा करून "मोहरीच्या धुराने जंतू मरतात, म्हणजे पूर्वजांना विज्ञान ठाऊक होतं" हे कोणी सुरू करू नका. मोहरीत सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर असतं. दाणा भरडून पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि ॲलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. लोणच्याची मोहरी फेसताना नाकातोंडातून पाणी काढतं ते हेच. जंतूंना ते खरोखर मारक आहे. पण अख्खा कोरडा दाणा विस्तवात टाकला तर विकर आधीच जळून जातं. खोलीत विखुरलेल्या दाण्यांतून तर काहीच बाहेर पडत नाही. चरकाने त्या दाण्यांना राक्षस पळवायचं काम दिलं आहे. त्याच्या तोंडी जंतू घालू नका.

---

चुलीपाशी

+१ शेवटच्या परिच्छेदाला. फेसलेली मोहरी ज्याने एकदा हुंगली आहे त्याला मात्र राक्षस पळतील हे पटायला ग्रंथ लागत नाही.

---

माजघर

शंकासुर, तुमची दोन मुठींची परीक्षा मान्य. मी ओळखू शकणार नाही, हे आधीच लिहून देते. माझ्या सासूबाईही ओळखू शकल्या नसत्या आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं. त्या मुठीत मीठ किती घ्यायचं ते पोराच्या रडण्यावर ठरवायच्या. फारच भोकाड पसरलं असेल तर मूठ मोठी, म्हणजे आवाज मोठा, म्हणजे पोर दचकून बघत राहतं.

दिवसभर शेतात राबून आलेली आई, पोर किरकिर करतंय, सासू तोंड फिरवून बसली आहे. अशा घरात कोणी दृष्ट काढायला उठलं की सगळे काही क्षण गप्प बसायचे. टोकायचं नाही ना! आणि त्या यादीत सगळे असायचे, घरचेसुद्धा. "घरच्यादारच्याची" म्हणताना काढणारी स्वतःलाही त्यात धरते. आईचीच दृष्ट सगळ्यात आधी लागते असं आमच्याकडे म्हणतात, त्यामुळे कोणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

मोहरीचं दुसरं म्हणाल तर सर्दीला तळपायाला मोहरीचं गरम तेल. लचकलेल्या पायावर मोहरीचा लेप, तोही पातळ कापडावर आणि थोडाच वेळ. उघड्या कातडीवर ठेवलात तर फोड येतात, हे अनुभवाचे बोल.

---

उभा_दोरा

माजघर, तुमच्या घरी बोट दाखवत नसतील. आमच्याकडे दाखवत.

माझी एक आत्या लवकर विधवा झाली, मूलबाळ नव्हतं. बारशाला ती पाळण्याजवळ आली की घरातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या. ती परत गेली की त्याच संध्याकाळी मीठ-मोहऱ्या. तडतड झाली की नाव कोणी घ्यायचं नाही, घ्यायची गरजच नसायची. ती तडतड तिलाही पडवीत ऐकू यायची, कारण मुक्कामाला असली तर ती तिथेच बसलेली असायची. पुढे पुढे ती बारशाला यायचीच बंद झाली, पाळण्यासाठी दुपटं शिवून पाठवून द्यायची.

"मोहरी उत्तर देते" हे धाग्यात गमतीने वाचलं, पण उत्तर देते म्हणजे साक्षही देते. आणि ही साक्ष कधी उलटतपासली जात नाही.

---

रात्रपाळी

@उभा_दोरा, ही बाजू माझ्या मूळ लेखात यायला हवी इतकी महत्त्वाची आहे. आवाज निघतो म्हणून मोहरी निवडली गेली असं मी म्हटलं. त्या आवाजाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे असतो हे तुम्ही सांगितलंत. तुमच्या आत्याची आठवण लिहिल्याबद्दल आभार.

---

शंकासुर

उभा_दोरा यांनी लिहिलं तेच टोकाला गेलं की काय होतं त्यासाठी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत राज्य सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधणं, मारहाण करणं आणि मिरचीची धुरी देणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. साप-विंचू चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देता मंत्रतंत्र करणंही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार.

आजीच्या मुठीतल्या मीठ-मोहऱ्यांवर कायद्याचा डोळा नाही, तेव्हा कोणी घाबरू नये. पण तोच जिन्नस मांत्रिकाच्या हातात गेला की मंतरलेली मोहरी होते. करणी उतरवायलाही तीच आणि करणी केली म्हणून शेजाऱ्याच्या दारात सापडते तीही तीच. राईचा पर्वत म्हणतात तो असा.

---

शांतिपर्व

किती कोरडं झालंय सगळं. भगवान बुद्धांची किसा गोतमीची गोष्ट कोणालाच आठवली नाही? मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत फिरते. बुद्ध म्हणतात, मोहरी आण, पण जिथे कोणी मेलं नाही अशा घरातली. मोहरी प्रत्येक दारी मिळते, तसं घर मात्र श्रावस्तीत सापडत नाही. मोहरीच निवडली, कारण ती नाही असं घर नव्हतं आणि ती औषधी आहे यावर तिचा आधीच विश्वास होता.

---

पोथीनिष्ठ

शांतिपर्व, उत्तम आठवण.

अवांतर: मोहरी हे वजनही आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तीन राजसर्षप म्हणजे एक गौरसर्षप आणि सहा गौरसर्षप म्हणजे एक यव (जवाचा दाणा), असं कोष्टक आहे. सोनं तोलायचं धान्य आणि भूत पळवायचं धान्य एकच.

---

डबलड्युटी

बालरुग्ण विभागात काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते.

तान्ही बाळं संध्याकाळी विनाकारण रडतात ही तक्रार आमच्याकडे रोजची. साधारण सहाव्या आठवड्याच्या सुमारास हे रडणं सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप ओसरतं. वेळही नेमकी दिवेलागणीची. त्यामुळे दृष्ट काढली की बाळ शांत झालं हे बऱ्याचदा खरंच घडतं, ते तसंही होणार होतं. काढून झाल्यावर आईचा जीव शांत होतो, तिने नीट जवळ घेतलं की बाळही निवतं. मी कोणाला "काढू नका" म्हणत नाही.

फक्त दोन गोष्टी. धूर बाळाच्या खोलीत करू नका, मोहरीचा नको, मिरचीचा नको आणि ओवा-वेखंडाची धुरीही नको. एवढ्याशा श्वासनलिकांना तो झेपत नाही. ओवाळा आणि विस्तव दुसरीकडे ठेवा. आणि तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल, ते दूध ओढत नसेल, मलूल असेल किंवा हिरवी उलटी झाली असेल तर आधी गाडी काढा. दृष्ट परत आल्यावर काढता येते.

---

गवतीचहा

डबलड्युटीताई, हे शेवटचं वाक्य छापून प्रत्येक आजीच्या घरी लावायला हवं.

---

टवाळखोर

माझा प्रश्न गंभीर आहे. घरात इंडक्शन आलं. विस्तव नाही, ज्वाळा नाही. बायकोने मूठ तव्यात टाकली, तवा नीट तापला नव्हता, काहीच वाजलं नाही. आता आमच्या चिरंजिवांकडे कोणी ढुंकूनही बघत नाही असं समजायचं का?

---

माजघर

तवा आधी चांगला धूर येईपर्यंत तापवायचा, मग मूठ टाकून लगेच बाजूला व्हायचं, खडे डोळ्यात उडतात. लोखंडी तवाच घ्या, नॉनस्टिकवर हे करू नका. नसेल जमत तर बेसिनमध्ये टाकून वर पाणी सोडतात हल्ली. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत तसंच चालतं, आवाजाविना.

---

चुलीपाशी

एक सूचना राहिली. दृष्टीसाठी म्हणून जुनी, सुटी मोहरी वेगळ्या बरणीत ठेवलेली असते, ती चुकूनही फोडणीत वापरू नका. सुट्या मोहरीत पिवळ्या धोत्र्याचं बी मिसळलेलं असू शकतं. पडीक रानात, बांधावर हे काटेरी झुडूप सगळीकडे असतं, फूल पिवळं, पानांवर पांढऱ्या शिरा. बी अगदी मोहरीसारखं काळपट गोल, नीट बघितलं तर खडबडीत, जाळीदार. ते तेलात गेलं की पायांना सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातल्या या भेसळीने साठहून अधिक माणसं दगावली होती. ओवाळायची असली तरी पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवा.